हात लावू नये!

अभ्यासिकेतल्या लॅपटॉपवर आम्ही एके दिवशी कागद चिकटवला : ‘परवानगीशिवाय हात लावू नये.’ हा कागद चार दिवस तिथे होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने तो वाचला. आम्हीही रोज वाचला आणि आम्हाला त्यात काहीच खटकलं नाही. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या, दर मार्चमध्ये वस्त्यावस्त्यांतून चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर भाषण करणाऱ्या माणसाला हे वाक्य खटकू नये, हे कसं झालं ते सांगण्यासाठी हा लेख आहे. सोबत लॅपटॉप कसा दुरुस्त झाला तेही तपशिलाने सांगणार आहोत. कारण आपल्या अनेक अभ्यासिकांमध्ये आता असेच देणगीत आलेले, लिनक्सवर चालणारे जुने लॅपटॉप आहेत आणि ते बिघडले की कपाटात जातात.

आमचा लॅपटॉपही असाच. एका हितचिंतकाने दिलेला, बॅटरी थकलेली, त्यावर उबुंटू 22.04. विहाराच्या मागच्या खोलीत तो असतो. सगळ्यांचं मिळून एकच खातं आणि एकच पासवर्ड. त्यावर पोरं टायपिंग शिकतात, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवतात आणि शिष्यवृत्तीच्या हंगामात कागदपत्रं स्कॅन करून फॉर्म भरतात. सायबर कॅफेत एका फॉर्ममागे शंभर-दीडशे रुपये जातात. आमच्याकडे ते वाचतात. धुणीभांडी करणाऱ्या आईच्या घरात दीडशे रुपये ही रक्कम असते, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

फॉर्मची शेवटची तारीख पाच दिवसांवर आली होती. सतरा मुलांचे फॉर्म बाकी होते. बारावीतली एक मुलगी त्या कामात आमच्या बरोबरीने राबत होती. स्कॅन केलेल्या दाखल्यांची साइज मर्यादेपेक्षा जास्त भरत होती, म्हणून पीडीएफ लहान करणारं एक सॉफ्टवेअर टाकायला ती सकाळी बसली. संध्याकाळी आम्ही आलो तेव्हा स्क्रीनवर काळी खिडकी, तीत तिने टाइप केलेली कमांड आणि खाली एरर. काहीच इन्स्टॉल होत नव्हतं.

आम्ही पहिला प्रश्न विचारला तो असा : “काय केलंस तू?”

ती म्हणाली, “काही नाही दादा, फक्त इन्स्टॉल करत होते.”

तिथे बसलेला इंजिनिअरिंगचा एक मुलगा म्हणाला, “पासवर्ड टाकून काहीतरी चालवलं असणार.” दुसऱ्याने निकाल दिला, “फॉरमॅट मारा, दुसरा इलाज नाही.” आम्ही मान डोलावली. तिच्याकडे न बघता कागद घेतला, मार्करने ते वाक्य लिहिलं आणि चिकटवलं. ती दप्तर उचलून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मुलांना आम्ही सायबर कॅफेत पाठवलं. सतरापैकी काहींनी पैसे उसने घेऊन फॉर्म भरले.

तिसऱ्या रात्री आम्ही एकटे लॅपटॉप घेऊन बसलो. फॉरमॅट करायचं तर आधी आत काय आहे ते बाहेर काढायला हवं होतं. दोन वर्षांचे स्कॅन आणि वस्तीतल्या घराघरांची नोंद एवढं सगळं आम्ही पेन ड्राइव्हवर उतरवलं. पहिला धडा इथेच आहे. बिघाड कितीही लहान वाटो, आधी आपला माल सुरक्षित जागी हलवा, मग हात घाला. हे काम आम्ही तीन दिवस आधी करायला हवं होतं. तेव्हा आम्ही कागद चिकटवण्यात गुंतलो होतो.

आता नेमकं काय बिघडलं होतं ते समजून घेऊ. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर आणणं, अद्ययावत करणं आणि काढणं हे काम पॅकेज मॅनेजर करतो. उबुंटूत त्याचे दोन थर आहेत. वरचा एपीटी. कुठलं पॅकेज कुठून आणायचं आणि त्याला आणखी कोणकोणती पॅकेजं लागतात, याचा हिशेब तो करतो. खालचा डीपीकेजी. आणलेलं पॅकेज उघडून जागेवर मांडणं, मग ते चालू स्थितीत आणणं आणि या सगळ्याची नोंद ठेवणं हे त्याचं काम. मांडणं आणि चालू करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. घर बदलताना सामान टेम्पोतून उतरवून खोलीत टाकलं, पण गॅस जोडला नाही, पाण्याचा नळ बसवला नाही, तर त्या घरात राहता येत नाही. अपडेट मध्येच तुटलं की नेमकं हेच होतं. सामान आलेलं असतं, संसार लागलेला नसतो.

(खालच्या कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत करायच्या. पर्यायाआधी ‘--’ आहे तिथे दोन आडव्या रेघा, ‘-’ आहे तिथे एक.)

‘सुडो एपीटी अपडेट’ चालवल्यावर आधी एक संदेश आला. कुलूप मिळत नाही, ते अमुक क्रमांकाच्या प्रक्रियेकडे आहे. फोनवर एका मित्राला विचारलं, तो म्हणाला, “ती लॉकची फाइल डिलीट कर, सगळे तेच करतात.” खरंच, इंटरनेटवर शोधलं तर हाच सल्ला आधी दिसतो आणि बहुतेक वेळा तो घातक ठरतो. एका वेळी दोघांनी नोंदवहीत लिहून ती बिघडवू नये, म्हणून ते कुलूप असतं. संदेशात कुलूप कुणाकडे आहे त्याचं नावही असतं. आमच्याकडे ते आपोआप अपडेट करणाऱ्या सेवेकडे होतं. ती आत जिवंत होती आणि काम करत होती. आम्ही चहा केला. दहा मिनिटांनी कुलूप आपोआप सुटलं.

मग दुसरा संदेश आला. त्याचा अर्थ असा : डीपीकेजीचं काम मध्येच तुटलं आहे, ते नीट करण्यासाठी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही कमांड चालवा. म्हणजे यंत्र नुसती तक्रार करत नव्हतं, उपायही सांगत होतं. ही कमांड अर्धवट राहिलेली सगळी पॅकेजं पुन्हा हातात घेऊन त्यांची दुसरी पायरी पूर्ण करते. आम्ही ती चालवली. बरीच पॅकेजं लागली, पण कर्नलपाशी येऊन गाडी अडली. डिस्कवर जागा शिल्लक नाही.

जागा नाही? डिस्क तर निम्मी रिकामी होती. ‘डीएफ -एच’ ही कमांड दिल्यावर उलगडा झाला. लॅपटॉप देणाऱ्याने डिस्क एन्क्रिप्ट केलेली होती. अशा मांडणीत संगणक सुरू करणाऱ्या फाइलींसाठी ‘बूट’ नावाची वेगळी, छोटी खोली असते. आमची जेमतेम 700 एमबीची. कर्नलचं प्रत्येक अपडेट तिथे नव्या फाइली ठेवतं. जुने कर्नल काढले गेले नाहीत तर खोली भरते. आमची शंभर टक्के भरली होती.

एरवी ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ ही कमांड जुने कर्नल काढते. पण आधीची पॅकेजं अर्धवट असल्याने एपीटी ते काम हाती घ्यायलाच तयार नव्हता. जागा नाही म्हणून काम पुरं होत नाही आणि काम पुरं नाही म्हणून जागा करता येत नाही, अशी कोंडी. ‘यूनेम -आर’ या कमांडने आधी सध्या कोणता कर्नल चालू आहे ते पाहिलं. त्याला अजिबात हात लावायचा नसतो. मग सगळ्यात जुन्या कर्नलची ‘इनिटआरडी’ ने सुरू होणारी एक मोठी फाइल डिलीट न करता होम फोल्डरात हलवली. तेवढी जागा पुरली. पुन्हा तीच कॉन्फिगरची कमांड दिली, या वेळी ती शेवटपर्यंत गेली. मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ आणि त्यानंतर ऑटोरिमूव्ह. जुने कर्नल गेले, खोली मोकळी झाली.

इथे एक इशारा. फिक्स-ब्रोकन काय काय काढणार आहे त्याची यादी आधी दाखवतं आणि मग हो की नाही विचारतं. ती यादी वाचल्याशिवाय वाय दाबू नका. 2021 साली एका जगप्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमचं सॉफ्टवेअर टाकताना असाच इशारा ओलांडला आणि सगळा डेस्कटॉपच उडवला. यंत्राने त्याच्याकडून खात्रीचं आख्खं वाक्य टाइप करून घेतलं होतं, तरीही. पॅकेजमध्ये दोष होताच आणि तो नंतर दुरुस्त झाला. पण न वाचता सही करण्याची किंमत काय असते ते आपल्या लोकांना यूट्यूबरकडून शिकायची गरज नाही. आपल्या आजोबा-पणजोबांचे अंगठे कसल्या कसल्या कागदांवर घेतले गेले ते आपण ऐकलं आहे.

शेवटी पुन्हा अपडेट चालवलं तर आणखी एक एरर. एका बाहेरच्या स्रोतावर आमच्या आवृत्तीसाठी काहीच उपलब्ध नाही. हा स्रोत कुणी जोडला? काही महिन्यांपूर्वी एक व्हिडिओ बघून आम्हीच. तेव्हापासून दर वेळी ही तक्रार येत होती आणि दर वेळी आम्ही खिडकी बंद करत होतो. सेटिंगमधून तो स्रोत काढला. लॅपटॉप बरा झाला.

रात्रीचा एक वाजला होता. झोपायला जायचं तर जाता आलं असतं. पण बिघाड सुरू कुठून झाला हे कळल्याशिवाय तो पुन्हा होणार, म्हणून लॉग उघडले. ‘व्हार’ फोल्डरातल्या ‘लॉग’ फोल्डरात ‘एपीटी’ आहे, त्यात ‘हिस्टरी’ नावाची फाइल. प्रत्येक कामाची सुरुवात, शेवट आणि ते कुठल्या कमांडने झालं, हे तिथे लिहिलेलं असतं.

ती सकाळी बसली त्याच्या आदल्या रात्रीची एक नोंद होती. आपोआप अपडेट सुरू : रात्री 9 वाजून 26 मिनिटं. शेवटची वेळ लिहिलेलीच नव्हती. डीपीकेजीच्या लॉगमधली त्या रात्रीची शेवटची ओळ 9 वाजून 31 मिनिटांची. मुलीने सकाळी दिलेली कमांडही तिसऱ्या एका लॉगमध्ये सापडली, 10 वाजून 17 मिनिटांची. म्हणजे तिने लॅपटॉप उघडला तेव्हा तो आधीच मोडलेला होता. तब्बल बारा-तेरा तास आधी.

रात्री साडेनऊला अभ्यासिका कोण बंद करतं? आम्ही. आणि मग ते आठवलं. शट डाउन केल्यावर स्क्रीनवर काहीतरी ओळ आली होती. अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका. आम्हाला एका बैठकीला पोचायचं होतं. आम्ही पॉवरचं बटण दाबून धरलं. लॅपटॉप गप्प झाला, आम्ही कुलूप लावून निघालो.

रविवारी सगळ्यांसमोर आम्ही हे सांगितलं. आदल्या संध्याकाळी तिच्या घरी जाऊन माफी मागितली होती, पण आरोप सर्वांसमोर झाला होता, म्हणून माफीही सर्वांसमोर मागणं भाग होतं. ती आली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दादा, त्या दिवशी मी एररचा फोटो काढला होता. तुम्ही विचारलंच नाही.”

तिने मोबाइल पुढे केला. फोटोत तीच ओळ होती. काम मध्येच तुटलं आहे, अमुक कमांड चालवा. आम्हाला तिसऱ्या रात्री जिथून सुरुवात करता आली ती ओळ तिच्या खिशात पहिल्या दिवसापासून होती. ती कमांड तिने चालवली का नाही? तिचं उत्तर : “तुमची वाट बघत होते. विचारून करावं म्हटलं.”

यावर आम्ही खूप विचार केला. आम्ही तिलाच का धरलं? लॅपटॉपसमोर ती होती हे एक कारण. पण तिच्या जागी तो इंजिनिअरिंगचा मुलगा असता तर आमचा पहिला प्रश्न “काय केलंस तू?” असा असता की “काय झालंय?” असा असता? प्रामाणिक उत्तर आम्हाला माहीत आहे. तो बोलला ते अंदाजाने, तरी आम्ही मान डोलावली. ती बोलली ते पाहून, तरी आम्ही ऐकलं नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिए यांच्या ‘सांस्कृतिक भांडवल’ या संकल्पनेवर आम्ही एम.ए.ला वीस मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. कुणाच्या बोलण्याला वजन मिळतं आणि कुणाचं बोलणं हवेत जातं, त्यामागे समाजाने वाटलेली प्रतिष्ठा असते. पेपरात मार्क मिळाले, अभ्यासिकेत आम्ही नापास झालो.

आणि ते वाक्य. ‘हात लावू नये.’ 20 मार्च 1927 ला महाडमध्ये बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, ती नुसत्या पाण्यासाठी गेली नव्हती. हात लावण्याचा अधिकार माणूस असण्याचा भाग आहे हे सांगायला गेली होती. आमचा कागद आणि ती बंदी एकाच तोलाची आहे असा कांगावा आम्ही करणार नाही. तिथे जात होती, धर्मशास्त्र होतं, लाठ्या होत्या. इथे एक चिडलेला कार्यकर्ता होता. पण तोंडात वाक्य आलं ते तेच, हे कसं नाकारणार? ज्ञान आपल्या हातात आलं की त्याभोवती कुंपण घालण्याची सवय आपल्यालाही लागते. तिला ‘ब्राह्मण्य’ म्हणायला आपण तयार असतो, फक्त दुसऱ्याच्या घरात.

कुणी म्हणेल, सामायिक वस्तूला काही नियम नकोत का? हवेतच. पॅकेज मॅनेजरलाही कुलूप लागतंच. पण दोन कुलपांत फरक आहे. ते कुलूप कुणाच्या हातात आहे ते उघड सांगतं, कामापुरतं असतं आणि काम झालं की सुटतं. आमच्या कागदावर ना कारण होतं, ना मुदत. ‘परवानगी’ कुणाची ते लिहिलेलं नव्हतं, कारण सगळ्यांना ते माहीत होतं.

आता ‘फॉरमॅट मारा’ या सल्ल्याविषयी. तो सोपा आहे, म्हणून लोकप्रिय आहे. आपल्या चळवळीतही तेच चालतं. कार्यक्रम फसला की दोषी शोधायचा. वाद वाढला की जुनी संघटना टाकून नव्या नावाची, नव्या लेटरहेडची संघटना काढायची. 1957 साली नागपुरात स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे किती गट झाले ते मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत. त्यामागे सत्तेचं राजकारण होतं, आमिषं होती, हे मान्य. सगळं काही नोंदवही नसल्याने झालं असं आमचं म्हणणं नाही. पण आपल्या छोट्या मंडळांत, जयंती समित्यांत, अभ्यासिकांत तरी आपण लॉग उघडतो का? बैठकीचं इतिवृत्त लिहितो का? कुठली ओळ अर्धवट राहिली ते शोधतो का? बहुतेक वेळा जे तुटलेलं असतं ते एका जागी तुटलेलं असतं. आपण आख्खी डिस्क पुसतो आणि तिच्यासोबत दहा वर्षांची नोंदही पुसतो.

या बाबतीत लिनक्सच्या जगाकडून घेण्यासारखं काही आहे. उबुंटू 2004 मध्ये आलं. ते ज्यावर उभं आहे ते डेबियन, 1993 मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेलं. एपीटी आणि डीपीकेजी मूळचे तिथलेच. डेबियनने 1997 मध्ये स्वतःचा एक ‘सामाजिक करार’ जाहीर केला. त्यातल्या एका कलमात त्यांनी अडचणी लपवणार नाही असं वचन दिलं आहे. दोषांची सगळी नोंद जगाला वाचता यावी अशी उघडी ठेवली जाते. जगभरचे स्वयंसेवक तिच्यावर काम करतात. दोष उघड झाल्याने त्यांची बदनामी झाली नाही, उलट विश्वास वाढला. तिथे सगळी समताच नांदते असा आमचा भ्रम नाही. नवख्याला ‘आधी वाचून ये’ म्हणून हाकलणारे तिथेही भेटतात आणि एरर तर इंग्रजीतच येतात. आपल्या मुलीने वाट बघितली त्याचं एक कारण तेही आहे. ओळ इंग्रजीत होती आणि आपल्याला समजली ती बरोबरच समजली, यावर तिचा विश्वास नव्हता. तो विश्वास देणं आमचं काम होतं.

फॉर्मचं म्हणाल तर सतराही फॉर्म मुदतीत गेले. पण ज्या मुलांचे पैसे आमच्या बटणामुळे गेले ते आम्ही परत केले. ती काही मेहेरबानी नव्हती.

लॅपटॉपवरचा कागद काढला आहे. त्याच्या शेजारी आता एक वही असते. जो कुणी काही इन्स्टॉल करेल, अपडेट करेल किंवा ज्याला एरर दिसेल, त्याने तारीख, वेळ आणि काय दिसलं ते लिहायचं. एररचा अर्थ मराठीत लिहायचा, चुकला तर दुसऱ्याने दुरुस्त करायचा. पहिल्या पानावरची नोंद आमची आहे : रात्री 9:31, अपडेट चालू असताना बटण दाबून बंद केला. वही ती मुलगी सांभाळते. रविवारी सहावी-सातवीच्या पोरांना टर्मिनलही तीच शिकवते. परवा एका पोराने भीत भीत विचारलं, “ताई, मी दाबू?”

ती म्हणाली, “आधी वाच काय लिहिलंय. मोठ्याने.”

त्याने अडखळत वाचलं आणि दाबलं.

जय भीम.